आयर्विनची पातळी बघून उद्याचा अंदाज कसा बांधायचा?

हरिपूररोड

मंडळी, जून लागला, आता परत तेच सुरू होणार. आईबाबा सांगलीत गावभागात आणि मी पुण्यात. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचे मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तासातासाला येतात, "आयर्विन ३४ फूट ६ इंच", मग "३५ फूट", मग कुणीतरी लिहितं "पाणी वाढतंय, काळजी घ्या". काळजी घ्या म्हणजे नेमकं काय करा हे मात्र कुणी सांगत नाही. इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ हे सांगलीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे, पण पाणी आत्ता ३५ वर आहे तर उद्या सकाळी ते ३८ असेल की ४५, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही ना.

२०१९ ला आमच्या गल्लीत बहुतेकांचा हिशोब एकच होता, २००५ ला पाणी या पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्या वर काय जात नाही. सामान त्या खुणेच्या वर रचून लोक निवांत बसले. २००५ ला आयर्विनला ५३ च्या पुढे गेलं होतं, २०१९ ला ५७ च्या पुढे गेलं. रचलेलं सगळं पाण्यात.

माझ्याकडे गेल्या काही वर्षांच्या पातळीच्या नोंदी एका शीटमध्ये आहेत, तारीख-वेळ-फूट-इंच. यातून पुढच्या चोवीस तासांचा अंदाज घरबसल्या काढता येतो का? आणखी कुठले आकडे बघायचे? नुसती भीती नको आणि नुसता धीरही नको, हिशोब पाहिजे. सांगली-कोल्हापूरबाहेरच्यांनीही लिहा, नदी, धरण, विहीर काहीही चालेल.

कट्टा_भडंग

टिटवीनं अंडी बांधावर घातलीत का नदीच्या पात्रात ते बघा, बाकी शीटबिट नंतर :-)

पंचगंगाकाठ

ताई, कोल्हापूरचं सांगतो. आमच्याकडं राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात, ३९ इशारा, ४३ धोका. लोक बघतात किती फूट झालं, बघायला पाहिजे तासाला किती इंच चढतंय. ३६ फूट आणि तासाला एक इंच असलं तर मी जेवून झोपतो. ३२ फूट आणि तासाला पाच-सहा इंच असलं तर गाडी आधी उंचावर नेऊन लावतो, कारण त्या वेगानं ३९ गाठायला चौदा ते सतरा तासच लागतात.

तुमच्या शीटमध्ये एक कॉलम वाढवा, मागच्या नोंदीपेक्षा किती इंच वाढलं भागिले किती तास झाले. बास. निम्मं काम तिथंच होतंय.

आणि दुसरं, धोका पातळी शहराची असते, तुमच्या घराची नसते. सुतारवाड्यात पाणी शिरतं तेव्हा राजारामपुरीत लोक क्लासला निघालेले असतात. आपल्या दारात पाणी येतं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होतं ते एकदा लिहून ठेवायचं, तीच आपली धोका पातळी.

गावभाग_४१६

+१, घराच्या पातळीबद्दल शंभर टक्के. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड या बाजूला आधी पाणी येतं, मारुती चौक आणि आमचा भाग नंतर. आमच्या वाड्याच्या जोत्यावर बाबांनी ऑइलपेंटनं रेघा मारल्यात, प्रत्येक रेघेशेजारी वर्ष आणि त्या वेळी आयर्विनला किती होतं तो आकडा. आयर्विनचा आकडा नसता तर ती रेघ नुसती आठवण म्हणून राहिली असती, आता आकडा ऐकला की पाणी कुठल्या पायरीवर येणार ते आम्हाला कळतं.

एक बारीक गोष्ट लक्षात आली, आमच्याकडे पाणी समोरून नदीतून येण्याआधी गटारातून येतं. मोरीत पाणी उलटं वर यायला लागलं की समजायचं, मग आयर्विन काहीही असो.

निवृत्त_शाखाभियंता

हरिपूररोड, प्रश्न आवडला, म्हणून सविस्तर लिहितो. पाटबंधाऱ्यात असताना पावसाळे असल्याच आकड्यांत गेलेत.

पंचगंगाकाठ यांनी सांगितलेला वेग हा पहिला धडा. पण नुसता वेग फसवतो. समजा सकाळी ६ ला ३२ फूट, दुपारी १२ ला ३५, संध्याकाळी ६ ला ३७. म्हणजे आधी तासाला ६ इंच, मग ४ इंच. कुणीही म्हणेल जोर कमी झाला, आता थांबेल. तर वेग कमी होण्याची कारणं दोन असू शकतात. एक, वरून येणारं पाणी खरंच कमी झालं. दोन, पाणी पात्राबाहेर पडून मळीत (नदीकाठच्या सपाट जमिनीत), उसात, ओढ्यांत पसरायला लागलं. दुसरं कारण असेल तर येणारं पाणी तितकंच किंवा जास्तही असू शकतं, फक्त एक इंच चढायला आता कितीतरी जास्त पाणी लागतं. गेजच्या (पातळी मोजायच्या पट्टीच्या) एका आकड्यावरून ही दोन कारणं वेगळी करता येत नाहीत. त्याला वरचे गेज बघावे लागतात.

कृष्णेवर रोज सकाळी पातळीचा जो तक्ता निघतो तो वरून खाली वाचायचा. कऱ्हाडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, मग आयर्विन, अंकली, म्हैसाळ, राजापूर बंधारा. कऱ्हाड उतरतंय आणि भिलवडी चढतंय, याचा अर्थ लोंढा मधे आहे आणि सांगलीला अजून यायचाय. कऱ्हाड, बहे, भिलवडी तिन्ही उतरायला लागले तर आयर्विन आत्ता चढत असलं तरी त्याचा शेवट दिसायला लागला. या उलट आयर्विन स्थिर आहे पण कऱ्हाडला दोन फूट वाढलंय, तर निवांत बसू नका.

आता धरण. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. एक आकडा पाठ करून ठेवा, ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिले की १ टीएमसी होतं. सोपं म्हणून साडेअकरा हजार धरा. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. समजा आत ९५ आहे आणि ६० हजार क्युसेकने पाणी येतंय. म्हणजे दिवसाला पाच टीएमसीच्या थोडं वर. दोन दिवसांत धरण भरणार, पण दोन दिवस वाट कुणी बघत नाही, कुठल्या तारखेला किती पातळी ठेवायची याचं वेळापत्रक असतं, त्यामुळे विसर्ग त्याआधीच वाढणार. हे गणित तुम्ही घरी बसून करू शकता, दरवाजे उघडल्याची बातमी यायची वाट बघायची गरज नाही.

फक्त धरण म्हणजे सगळी नदी नव्हे. धरणाच्या खाली पडणारा पाऊस कुणीच अडवत नाही, त्याला आम्ही मुक्त पाणलोट म्हणतो. २०१९ आणि २०२१ मधला फरक यातच आहे. २०१९ ला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरणं भरत आलेली, पाऊस थांबेना, पाणी दिवसचे दिवस चढत राहिलं. २०२१ ला २२-२३ जुलैला घाटमाथ्यावर एका दिवसात अफाट पाऊस झाला, महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर. धरणांनी त्यातलं बरंच पोटात घेतलं, तरी खालच्या ओढ्या-नद्यांनीच पूर आणला आणि चढ अतिशय उभा होता. २०१९ चा अनुभव घेऊन २०२१ चा अंदाज बांधणाऱ्यांना वेळच मिळाला नाही.

कट्टा_भडंग

काका, हे असं शाळेत शिकवलं असतं तर गणितात पास झालो असतो. शंका, बातम्यांत सांगतात "राधानगरीचे सातही दरवाजे उघडले", ते ऐकून आमच्या घरी लगेच गाद्या माळ्यावर जातात. किती पाणी असतं ते?

पंचगंगाकाठ

@कट्टा_भडंग मी सांगतो की. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित, शाहू महाराजांनी सुरू केलेलं धरण, भरलं की आपोआप उघडतात. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक. साती उघडले तरी दहा हजाराच्या आतच, वर पायथ्याच्या वीजगृहातून थोडं. ते भोगावतीत येतं. पण पंचगंगेला भोगावतीशिवाय कासारी, कुंभी, तुळशी पण येऊन मिळतात, आणि गगनबावड्याकडं कोसळत असलं तर राधानगरीचा एक दरवाजा न उघडता पण पूर येतो. दरवाज्यांची संख्या मोजू नका, क्युसेक विचारा. कोयनेचे दरवाजे दीड फूट उचलले का नऊ फूट उचलले यात जमीन-अस्मानाचा फरक, बातमीत दोन्हीला "दरवाजे उघडले" म्हणतात.

शिवारसांगली

एवढं सगळं गणित आणि खरं कारण कुणी बोलत नाही. खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण. तिथं पाणी अडवलं की फुगवटा मागं येतो आणि आपण बुडतो. त्यात उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करायला निघालेत. अंदाज बांधायचा असेल तर अलमट्टीची पातळी बघा, बाकी आकडे बघायची गरज नाही.

निवृत्त_शाखाभियंता

शिवारसांगली, उंची वाढवण्याबद्दलची तुमची चिंता रास्त आहे, नदीकाठच्या लोकांनी आवाज उठवलाच पाहिजे. पण २०१९ नंतर पुराच्या अभ्यासासाठी नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टी आणि हिप्परगी बंधाऱ्याला त्या पुराचं कारण मानलं नव्हतं, हेही नोंदवायला हवं. तो निष्कर्ष मान्य नसलेले अभ्यासू लोक आहेत, तो वाद इथे मिटणार नाही. पण ताईंचा प्रश्न उद्या सकाळचा आहे. उद्या सकाळी सांगलीत किती असेल हे नुसत्या अलमट्टीवरून निघत नाही, कारण वरून काय येतंय हे अलमट्टीला माहीत नसतं.

शिवारसांगली

मान्य नाही, पण राजापूर बंधाऱ्याचा आणि अलमट्टीचा विसर्ग शीटमध्ये घ्या एवढी विनंती. चढताना नसेल, उतरताना त्याचा संबंध येतो हे आम्ही डोळ्यांनी बघतोय.

निवृत्त_शाखाभियंता

घ्यायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. खालची पातळी उतरण्याच्या अंदाजासाठी लागतेच.

वाडीकर

उतरण्याचा विषय निघाला म्हणून. आम्ही शिरोळ तालुक्यातले. कोल्हापूर उतरायला लागलं की टीव्हीवाले पूर ओसरला म्हणतात, आणि आमच्याकडं तेव्हा चढत असतंय. पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी जाणार कुठं? थोपून राहतं. त्यामुळं आमचा अंदाज दोन नद्यांवर असतो, राजाराम बंधारा पण बघायचा आणि आयर्विन पण.

आमच्या आजोबांच्या वेळेपासून दत्त मंदिर हाच गेज. चढता दक्षिणद्वार झाला (चढतं पाणी मंदिरात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं) की लोक दर्शनाला जातात आणि तिथनं येऊन खालच्या गोठ्यातली जनावरं सोडायची तयारी करतात. भक्ती एका ठिकाणी आणि नोंद एका ठिकाणी असं आमच्यात नाही, दोन्ही एकदमच. म्हशी पाण्यातनं चालत नेता येतात तोवर न्यायच्या, छातीला पाणी लागलं की ती बुजते, मग चार माणसं लागली तरी हलत नाही. चारा, पेंड आधी हलवायची. रस्ता कुठल्या पुलाला बंद होतो ते माहिती पाहिजे, आमचा रस्ता घराच्या कितीतरी आधी बुडतो. घर कोरडं असताना गाव सोडायला जीव होत नाही, पण रस्ता गेला की मग नावेवर अवलंबून. २०१९ ला ब्रह्मनाळला नाव उलटून काय झालं सगळ्यांना माहिती आहे. नाव लागायच्या आधी निघायचं, अंदाज त्यासाठीच.

हरिपूररोड

वाडीकर, हे वाचून थांबले जरा. घराच्या पातळीशेजारी रस्त्याची पातळी असा कॉलम टाकते.

काका, आमच्याकडेही असंच होतं का? वारणा हरिपूरला मिळते, म्हणजे आयर्विनच्या खाली. मग वारणेवरच्या चांदोली धरणाचं पाणी सोडलं तर आयर्विनवर काय परिणाम?

निवृत्त_शाखाभियंता

होतो. वारणेचं पाणी आयर्विनखालून जात नाही, पण संगमावर पातळी उंचावली की कृष्णेला उतार कमी मिळतो, आणि सांगलीतलं पाणी पुढे सरकत नाही. म्हणून अंकलीचा गेज महत्त्वाचा, तो संगमाच्या खाली आहे. आयर्विन आणि अंकली दोन्ही चढत असतील तर सांगली लवकर रिकामी होत नाही. कऱ्हाड उतरलं म्हणून घर धुवायला येऊ नका.

गोदाकाठ

आमच्या नाशिकला फूट-इंच कुणी विचारत नाही, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला की कमरेला की छातीला, एवढं बास. मारुतीच्या कमरेला लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवतात. गंगापूर धरणाचा विसर्ग आणि मारुती, या दोनवर आमचं शहर चालतं.

कट्टा_भडंग

मारुतीरायाला केंद्रीय जल आयोगात घ्या, पगार तेलात.

उजनीप्लस

सोलापूरकडून. इथे लोकांना पुराचा कमी आणि धरण कधी भरणार याचा अंदाज जास्त लागतो, उसाची लागण त्याच्यावर ठरते. उजनीचा मृतसाठा (तळाचं, उपयुक्त हिशोबात न धरलेलं पाणी) ६३.६६ टीएमसी आणि उपयुक्त साठा ५३.५७. उन्हाळ्यात उपयुक्त संपला की धरण मायनसमध्ये जातं, बाहेरच्यांना धरणात इतकं पाणी दिसत असून मायनस कसं हे कळत नाही.

काकांनी दिलेलं गणित आम्ही रोज करतो. धरणाच्या वरच्या बाजूला भीमेवर दौंडचा विसर्ग बघायचा. १० हजार क्युसेक दिवसभर राहिला तर ०.८६ टीएमसी, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या साधारण १.६ टक्के. दौंडला ५० हजार असेल तर दिवसाला ८ टक्के. पुण्याकडच्या धरणांनी सोडलं की ते दौंडला कधी येणार, तिथून उजनीत कधी, असं मागे मागे जायचं. पानटपरीवर माणसं तारखा लावून बसतात आणि एखाद्या दिवसाच्या फरकाने बरोबर येतात.

पण फुटांत बघाल तर गंडाल. धरण खाली अरुंद आणि वर पसरट असतं. तळाशी पाणी भराभर चढतं, वर आल्यावर एका फुटाला किती तरी जास्त टीएमसी लागतं. सुरुवातीला रोज चार फूट चढलं म्हणून आठ दिवसांत भरेल असं धरणारे दरवर्षी असतात. काका नदी पसरते म्हणाले तोच प्रकार.

आणि पंढरपूरचा अंदाज वेगळाच, तिथे उजनीबरोबर वीर धरण पण बघावं लागतं, कारण नीरा नरसिंगपूरला भीमेला मिळते. वारीच्या दिवसांत वाळवंटात माणसं असतात तेव्हा दोन्ही विसर्गांची बेरीज बघायची.

मोसंबी_जालना

तुमच्याकडे पाणी जास्तीचा अंदाज, आमच्याकडे कमीचा. विहिरीवर लिहू का? धागा भरकटेल.

हरिपूररोड

लिहा लिहा, मुद्दाम सांगितलंय की विहीर चालेल.

मोसंबी_जालना

आमच्याकडे विहीर परसात (परस म्हणजे पुरुषभर उंची) मोजतात, सहा-सात परस खोल. पावसाळा संपला की बाग मे महिन्यापर्यंत निघेल का, का टँकर लावावा लागेल, का अर्धी झाडं सोडून द्यायची, हे ऑक्टोबर-नोव्हेंबरात ठरवावं लागतं. मोसंबीला ताण द्यायचा (पाणी तोडायचं) आणि आंबे बहार (हिवाळ्याच्या शेवटाचा फुलोरा) धरायचा तर नंतर पाणी पाहिजेच, मध्ये तुटलं की फळगळ, वर्ष गेलं.

नुसती काठोकाठ भरलेली विहीर बघून फसायला होतं. आम्ही विहीर उपसून बघतो. संध्याकाळी मोटर चालवून पाणी फुटव्हॉल्व्हपर्यंत (पाइपाच्या खालच्या तोंडापर्यंत) आणायचं, दोरीला गाठ मारून खूण करायची, सकाळी किती वर आलं ते बघायचं. डिसेंबरात एका रात्रीत सहा-सात फूट येत असेल तर झरे जिवंत आहेत. दोनच फूट आलं तर विहीर वर कितीही भरलेली दिसू दे, ते फक्त साठलेलं पाणी आहे, मार्चला तळ दिसणार. दर पंधरवड्याला ही चाचणी वहीत लिहिली की उतरण सरळ समोर दिसते.

कारण खडक. आपल्या काळ्या पाषाणात पाणी फक्त भेगांत आणि वरच्या मुरमात राहतं, साठा थोडाच. म्हणून पाऊस पडला की पातळी झरझर वर येते आणि उपसा वाढला की तितक्याच झरझर खाली जाते. शेजारी कुणी नवीन बोअर मारलं तर मागच्या वर्षीची उतरण यंदा लागू पडत नाही, हे मात्र वहीत दिसत नाही, डोळे उघडे ठेवून बघावं लागतं.

सरकारी भूजल यंत्रणा पण हेच करते, ठरलेल्या निरीक्षण विहिरी, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेमध्ये मोजायच्या आणि पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करायची. ऑक्टोबरची पातळी सरासरीच्या किती खाली त्यावरून टंचाईची गावं काढतात. हिवरे बाजारवाले तर पाऊस आणि विहिरी बघून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि कुठलं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवतात. आकडे बघून पीक बदलायची तयारी असेल तरच मोजायला अर्थ आहे, हे माझं मत.

राईनकाठी

मी मूळची मिरजेची, आता जर्मनीत कोलोनला. इथे ऱ्हाईनचा गेज ६.२० मीटरला गेला की जहाजांवर वेगाचे निर्बंध येतात आणि ८.३० ला वाहतूक पूर्ण बंद. वर काउब नावाचं गाव आहे, तिथला गेज कमी पाण्यासाठी बघतात. २०१८ च्या दुष्काळात तिथला आकडा २५ सेंटिमीटरपर्यंत उतरला होता. ते ऐकून मिरजेतून आईचा फोन, नदी गुडघ्याएवढीच राहिली का म्हणून. तर गेजचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, तो ठरवून धरलेला शून्य असतो, जहाजांच्या मार्गात त्या वेळीही मीटरभरापेक्षा जास्त खोली होती.

आपल्याकडे पण हा गोंधळ होतो. आयर्विनचे फूट आणि राजारामचे फूट यांची तुलना करून "कोल्हापूरला आपल्यापेक्षा जास्त पाणी" म्हणणारे नातेवाईक आमच्याकडेही आहेत. प्रत्येक गेजचा शून्य वेगळा. तुलना फक्त त्याच गेजच्या जुन्या आकड्याशी करायची. जल आयोगाचे आकडे समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असतात, ते आणि स्थानिक फूट एका कॉलममध्ये मिसळू नका.

वाशिष्ठी

चिपळूणचे दोन शब्द. आमच्याकडे नदीचे आकडे बघून भागत नाही, पंचांग पण बघावं लागतं. २२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाच्या भरतीचे दिवस. वरून डोंगराचं पाणी, कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी कोळकेवाडीकडून येतंच, आणि खालून भरती. ओहोटीला नदी जेवढं पाणी खाडीत सोडते तेवढं भरतीला सोडत नाही. म्हणून रात्री जोराचा पाऊस असेल तर आम्ही पहिलं बघतो भरती किती वाजता. घाटावर पाणी चढायला दिवस मिळतात, आम्हाला काही तासच मिळतात, त्यामुळे आमचा अंदाज पातळीवरून नसतो, पावसावरून असतो. पातळी दिसेपर्यंत बाजारपेठेत पाणी आलेलं असतं.

गावभाग_४१६

वाशिष्ठी, बरोबर. आम्ही पण आता पाऊस बघायला लागलोय, कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणचा चोवीस तासांचा पाऊस रोज सकाळी येतो. तिन्हीकडे दोनशेच्या वर गेला की बाबा गॅस सिलिंडर वरच्या मजल्यावर नेतात. आयर्विन त्या वेळी पंचवीसवर असलं तरी.

हरिपूररोड

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून शीट नव्याने लावली. वेगाचा कॉलम आला, भिलवडी आणि अंकली आले, कोयना आणि चांदोलीचा विसर्ग आला, राजापूर-अलमट्टी पण घेतलंय (शिवारसांगली, तुमच्यासाठी नाही, खरंच लागतंय म्हणून). गेजचे शून्य वेगळे ठेवलेत.

एक गोष्ट मात्र सुटत नाहीये. भिलवडीला पाणी थांबलं ती वेळ आणि आयर्विनला थांबलं ती वेळ, यातला फरक काढला. मला वाटलं ठरावीक तास निघतील आणि काम सोपं होईल. तर लहान पुरात फरक कमी, मोठ्या पुरात बराच जास्त. उलटं असायला पाहिजे ना? मोठ्या पुरात पाणी जोरात पळतं.

निवृत्त_शाखाभियंता

शाब्बास, हा प्रश्न पडला म्हणजे शीट कामाला लागली.

पात्राच्या आत असेपर्यंत पाणी वाढलं की लोंढा जास्त वेगाने पुढे जातो, तिथे तुमचं म्हणणं बरोबर. पण एकदा का पाणी काठ सोडून शिवारात गेलं की लोंढ्यातलं बरंच पाणी मळीत, ओढ्यांच्या तोंडांत, उसाच्या फडांत जाऊन बसतं आणि तिथून सावकाश परत येतं. उसातून पाणी किती हळू सरकतं ते कुणीही शेतकरी सांगेल. त्यामुळे सर्वांत वरची पातळी खाली पोचायला उशीर होतो आणि ती पातळी रेंगाळते. वर वारणेनं खाली दार अडवलेलं असलं तर आणखी उशीर.

म्हणून एकच फरक धरू नका. शीटमध्ये पूर दोन गटांत वेगळे करा, भिलवडीला पाणी पात्रात राहिलं ते एका गटात आणि पात्राबाहेर गेलं ते दुसऱ्या गटात. दोन्हींचा फरक वेगळा काढा. आणि पाणी चढतानाच्या नोंदी आणि उतरतानाच्या नोंदी एकत्र करू नका. ४२ फूट चढताना आणि ४२ फूट उतरताना नदीत वाहणारं पाणी सारखं नसतं, चढताना जास्त असतं.

पंचगंगाकाठ

काका, नाद खुळा. हे आमच्या राजारामला पण लावून बघतो. शिरोलीला हायवेवर पाणी आलं की गावाचा संपर्क तुटतो, २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा झालंय. तो आकडा आधी कळला तर दूध, औषधं, सगळ्याचं नियोजन होतंय.

वाडीकर

ताई, अंदाज कितीही बरोबर निघाला तरी एक गोष्ट आधी मोजा, तुमच्या आईबाबांना घर हलवायला किती तास लागतात. वयस्कर माणसं, औषधं, कागदपत्रं, फ्रिज. समजा आठ तास लागतात, आणि तुमच्या रस्त्याची पातळी यायला शीट म्हणते दहा तास. म्हणजे हातात दोनच तास आहेत, आणि त्यात रात्र आली तर तेही नाहीत. आम्ही दिवस मावळायच्या आधीचा हिशोब धरतो, रात्री पाण्यात कुणाला काढायचं नाही.

हरिपूररोड

हे आजच बाबांशी फोनवर बोलले. ते म्हणाले सामान वर न्यायला चार तास पुरतात. आई मागून म्हणाली, सहा, आणि देवघर मोजलंच नाहीत. सहा धरलेत, वर दोन तास रस्त्याचे.

गावभाग_४१६

आमच्याच भागातले आहात तर जोत्याच्या रेघांचे फोटो आणि आयर्विनचे आकडे पाठवतो, तुमच्या घराची पायरी आमच्यापेक्षा वर आहे का खाली ते पाण्याच्या नळीनं एकदा मोजून घेऊ. रविवारी बाबा घरी आहेत का?

हरिपूररोड

आहेत. मी पण शनिवारी रात्री येते.

निवृत्त_शाखाभियंता

नळी पारदर्शक घ्या आणि आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप चुकतं. आणि शीटमध्ये विसर्गाच्या आकड्यापुढे तो किती वाजता बदलला ती वेळ लिहायला विसरू नका, नुसती तारीख चालत नाही.